गोळी तीच, कंपनी दुसरी

सोमवार, रात्री

शाळेतून येताना माझी रोजची थायरॉईडची गोळी, ८८ मायक्रोग्रॅमची, घ्यायला मेडिकलमध्ये गेले. मला पाहिल्याबरोबर दुकानदाराने मान हलवली. "तुमची ८८ आली नाही मॅडम. स्टॉकिस्टकडेच शॉर्ट आहे. १०० देऊ? नाहीतर ७५ची एक आणि साडेबाराची एक, मिळून साडेसत्त्याऐंशी. अर्ध्याने काय बिघडतंय?"

त्याचा हिशेब बरोबर होता. पण ७५ एका कंपनीची, साडेबारा दुसऱ्या कंपनीची आणि माझी नेहमीची तिसरीच. मागच्या खेपेलाही वेगळी बाटली मिळाली होती. त्याच्या आधीची बदलली होती ती तर मला घरी येऊन पिशवी उघडल्यावर दिसली. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: कंटेंट सेम आहे.

आठवडाभर पुरतील एवढ्या गोळ्या आहेत. पुण्याला धाकट्या बहिणीला फोन केला, तिच्याकडे मिळते का बघ म्हणून. पाऊस दिवसभर धरून आहे.

मंगळवार

रक्ताचा रिपोर्ट आला. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) ६.८. फेब्रुवारीत २.१ होता.

मधल्या काळात माझ्या बाजूने काहीच हललेलं नाही. पहाटे उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी, त्यानंतर तासभर चहा नाही. कॅल्शियमची गोळी रात्री जेवल्यावर, कारण या दोन गोळ्यांत किमान चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर कॅल्शियम थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाही. वजन तेवढंच. डोस तोच. बदलली ती बाटली, आणि तीही दोनदा.

गेला दीड-दोन महिना अंगात शिसं भरल्यासारखं झालंय. जिना चढून वर आलं की दोन मिनिटं कठड्याला धरून उभं राहावं लागतं. परवा दहावीच्या वर्गात फळ्यावर गणित सोडवताना पुढची पायरी डोळ्यांसमोर येईना. वीस वर्षं शिकवलेलं गणित! मुलं गप्प बसून होती, त्यांना वाटलं मी त्यांनाच विचार करायला वेळ देतेय. घरात सगळे म्हणतात, पावसाळी हवा आहे, आळस येणारच. आळस कसा असतो ते मला माहीत आहे. हा तो नव्हे.

संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तिन्ही बाटल्यांचे फोटो पाहिले. म्हणाले, "सगळं खापर कंपनीवर फोडू नका, टीएसएच वर जायला दुसरीही कारणं असतात. पण आत्ता मी डोस वाढवला आणि पुढच्या महिन्यात तुमची कंपनी परत बदलली, तर कशामुळे काय झालं ते मलाही कळणार नाही. आधी सलग एकाच कंपनीची घ्या, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करू, मग ठरवू." मला हे पटलं. चिठ्ठीवर त्यांनी कंपनीचं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि एक गोष्ट बजावली: नेहमीची मिळाली नाही तर दुसरी घ्या, पण गोळी बंद ठेवून वाट बघत बसू नका. फक्त बदलल्याची तारीख लिहून ठेवा.

गुरुवार

काल लिहायला जमलं नाही. आज स्टाफरूममध्ये विषय निघाला आणि लक्षात आलं की आमच्यातल्या निम्म्या जणींच्या पर्समध्ये हीच गोळी आहे. एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म, थायरॉक्स ही नावं आता क्रोसिनइतकी घरोघरी झालीत. तरी गोळीचा ब्रँड बदलतो का, बदलला तर डॉक्टरांना सांगता का, असं विचारल्यावर बहुतेकींनी एकमेकींकडे बघितलं. एक जण म्हणाली, "अगं, त्यात काय सांगायचं?"

त्यात काय सांगायचं ते इथे नीट मांडून ठेवते, म्हणजे उद्या तिला सांगता येईल.

८८ मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले ८८. एवढंसं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं खरं औषध, डोळ्यांना जेमतेम दिसेल. आपण जी गोळी चिमटीत धरतो ती जवळजवळ सगळी दुसऱ्याच पदार्थांची असते: लॅक्टोज, स्टार्च, गोळी घट्ट राहावी म्हणून घातलेलं आणखी काही. ही भर प्रत्येक कंपनीची आपापली. गोळी पोटात किती लवकर विरघळते, आतलं औषध किती दिवस टिकतं, हे बरंचसं या भरीवर असतं. तापाच्या गोळीत थोडं इकडेतिकडे झालं तर शरीर सांभाळून घेतं. या औषधात पुरेसं आणि जास्त यांच्यातलं अंतरच कमी आहे, म्हणून तर ७५ आणि १००च्या मध्ये ८८ काढावी लागली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली याच गोळीसाठी नियम कडक केला. आधी मुदत संपेपर्यंत औषधाचं प्रमाण लेबलच्या ९० ते ११० टक्के चालायचं, ते ९५ ते १०५वर आणलं. म्हणजे जुन्या नियमाने एक बाटली खालच्या काठावरची आणि पुढची वरच्या काठावरची निघाली, तर माणसाला न कळता डोस पाचव्या हिश्शाने बदलायचा, आणि दोन्ही बाटल्या पास!

फ्रान्समध्ये २०१७ साली तर कंपनीही बदलली नव्हती. लेवोथायरॉक्स नावाच्या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. औषध तेवढंच, डबीवर नावही तेच. ती गोळी घेणारे तिकडे सुमारे तीस लाख लोक होते. त्यांतल्या हजारोंनी थकवा, चक्कर, केस गळणं अशा तक्रारी केल्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जुन्या पद्धतीची गोळी पुन्हा बाजारात आणावी लागली. प्रत्येकाचा त्रास भरीमुळेच होता असं मी म्हणणार नाही. पण गोळीत बदल झालाय हे त्या लोकांना आधी धड सांगितलं असतं तर निम्मा संताप तरी टळला असता असं मला वाटतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१मध्ये डॉक्टरांना सरळ सांगितलं की कंपनी बदलल्यावर ज्या रुग्णाला त्रास होतो त्याला कायम एकाच कंपनीची गोळी लिहून देण्याचा विचार करा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच आठवडा घेतं. त्यामुळे एखादा दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, आणि चुकीची मिळाली तरी लगेच कळत नाही. त्रास जाणवायला लागतो तोवर महिना उलटलेला असतो, बाटली भंगारात गेलेली असते आणि आपण दोष देत असतो पावसाला, वयाला, शाळेच्या कामाला. मेडिकलमध्ये झालेला बदल आणि जिन्यावर लागलेला दम यांची सांगड घालणार कोण?

शुक्रवार

आज मावशींची पुडी पाहिली.

आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींनाही थायरॉईड आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. टेबलावरची माझी बाटली बघून त्या म्हणाल्या, "ही मी पण घेते, पण माझी बाटलीत नसते." पदराच्या गाठीतून त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली. आत सुट्ट्या गोळ्या. शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली एकदम घ्यायला पैसे नसतात, म्हणून दुकानदार बाटलीतून दहा-पंधरा काढून देतो. मी पुडी उजेडात धरली. काही गोळ्या पांढऱ्याशुभ्र, काही किंचित पिवळसर, दोन जरा मोठ्या. एकाही गोळीवर वाचता येईल असं काही नाही. कागदावर कंपनीचं नाव नाही, किती पॉवरची ते नाही, बॅच नाही, मुदत नाही. आणि बोटाला कागद ओलसर लागला.

कोकणातल्या आषाढात मिठाचं पाणी होतं, काडेपेटी पेटत नाही. या गोळीला उजेड, उष्णता आणि दमट हवा तिन्ही सोसत नाहीत, म्हणून ती घट्ट झाकणाच्या बाटलीत येते. मावशींची गोळी पदराच्या गाठीत असते.

मागच्या महिन्यात त्यांचा टीएसएच वाढलेला आला म्हणून डॉक्टरांनी ५०ची ७५ केली. गोळ्या कुठून आणि कशा घेता हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि सांगायचं असतं हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नाही. मला दिवसभर या गोष्टीचा राग येत राहिला. माझ्याकडे बाटलीचा फोटो आहे, पुण्यात बहीण आहे, डॉक्टरांशी वाद घालायला तोंड आहे. मावशींना त्यांच्या अंगात नेमकं काय जातंय हे कळायचा एकही मार्ग नाही.

शनिवार, दुपारी

शाळा अर्धी होती. मेडिकलमध्ये गर्दी नव्हती तेव्हा मुद्दाम गेले आणि दुकानदाराशी शांतपणे बोलले. औषध नियमावली १९४५ची, तिच्यातल्या ६५व्या नियमात लिहिलंय की शेड्यूल एचमधलं (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं) औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या जागी दुसरं देता येत नाही, आतलं द्रव्य तेच असलं तरी. मी ते म्हटल्यावर तो चिडला नाही. म्हणाला, "नियम मला पाठ आहे मॅडम. पण म्हातारं माणूस भर पावसात खेर्डीहून रिक्षा करून येतं, त्याला नाही म्हणून परत पाठवू? कुंभार्ली घाटात दरड आली की दोन-दोन दिवस माल येत नाही. आणि ८८ घेणारे तुम्ही तिघं-चौघं. बाटल्या भरून ठेवल्या आणि मुदत संपली तर मी कुठे जाऊ?"

त्याचंही खरं आहे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्याच्या दुकानातली एक गोळी वाचली नव्हती. त्यानंतर तो कमी खपाचा माल बेताचाच ठेवतो. चिपळूणात असं करणारा तो एकटा नाही. तेव्हा जवळ असेल ती गोळी देऊच नका, असं माझं म्हणणं नाही. देताना तोंडाने सांगा. "ही तुमची नेहमीची नाही, डॉक्टरांच्या कानावर घाला," एवढं एक वाक्य. पिशवीत गुपचूप घालू नका. पुढच्या महिन्यात परत तिसरी देऊ नका.

मग जनऔषधीचा, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांचा, विषय निघाला. त्याला वाटलं मला महागड्या ब्रँडचाच आग्रह आहे. तसं अजिबात नाही. हे औषध आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, ते स्वस्तच मिळायला हवं. जनऔषधीची गोळी दर महिन्याला तीच मिळणार असेल तर माझी तिला काही हरकत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये डॉक्टरांना ब्रँडऐवजी जेनेरिक, म्हणजे आतल्या औषधाच्या, नावाने लिहा असा नियम काढला होता. तो त्याच महिन्यात स्थगित झाला, पण त्यातसुद्धा पुरेसं आणि जास्त यांच्यात कमी अंतर असलेल्या अशा औषधांना सूट ठेवली होती. म्हणजे अडचण वर बसलेल्यांना माहीत आहे. ती काउंटरपर्यंत पोचलेली नाही.

शेवटी त्याने वही काढली. माझं नाव, कंपनी, ८८, आणि पुढे "बाटली संपायच्या पंधरा दिवस आधी फोन" असं लिहिलं. मी मावशींचंही सांगितलं. त्यांना पूर्ण बाटली एकाच कंपनीची द्यायची, पैसे मी भरणार, त्या महिन्याला थोडे थोडे फेडतील. मावशी फुकट घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून ही तडजोड. इतर कोणाला सुट्ट्या देताना पुडीवर कंपनीचं नाव, पॉवर आणि मुदत पेनने लिहायचं त्याने कबूल केलं. "गर्दीत विसरलो तर आठवण करा," म्हणाला. करणार आहे. जाता-येता करणार आहे.

रविवार

बहिणीचं पार्सल आलं. ८८च्या दोन बाटल्या, दोन्ही एकाच बॅचच्या. तिने दुकानात उभं राहून ते बघून घेतलं होतं. मुदत पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत.

बाटल्या स्वयंपाकघरातून काढून आतल्या खोलीत कपाटात ठेवल्या, ओट्याजवळ वाफ असते. दोन्ही झाकणांवर स्केचपेनने उद्याची तारीख घातली. मावशींची बाटलीही काल संध्याकाळी आली. त्यांना घट्ट झाकण लावून दाखवलं, बाटलीतली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका म्हणून सांगितलं. त्यांच्या डॉक्टरांना द्यायला एक चिठ्ठी लिहून दिली: आजवर सुट्ट्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या घेतल्या, सोमवारपासून सलग एकच, ७५च ठेवायची की कसं, ते कृपया बघावं.

टीएसएच सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी. दोघींनी बरोबरच जायचं ठरलंय.