मराठीच्या शिक्षिकेचे औषधचाचणीत काय काम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निवृत्तीनंतर मी एका रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीची, म्हणजे औषधचाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांचे हित जपले जाते ना हे पाहणाऱ्या समितीची, सदस्य झाले आणि तेव्हापासून हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर नियमातच आहे. वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत किमान ७ सदस्य लागतात, त्यांतले निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात आणि वैद्यकाशी संबंध नसलेली सामान्य व्यक्ती हजर नसेल तर बैठकीची गणपूर्तीच होत नाही.

रुग्णाच्या हाती पडणारे माहितीपत्रक मी रुग्णाच्या जागी बसून वाचते. एका पत्रकात 'सहभागींचे यादृच्छिक वितरण करण्यात येईल' असे वाक्य होते. मी ते बैठकीत मोठ्याने वाचले आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईला यातून काय कळेल, असे विचारले. बऱ्याच चर्चेनंतर तिथे 'तुम्हाला नवे औषध मिळेल की सध्याचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल आणि ते तुमच्या डॉक्टरांनाही आधी माहीत नसेल' असे लिहिले गेले. हे वाचून काही जण नकार देतील, अशी शंका एका सदस्यांनी काढली. माझ्या मते ते वाक्य तसेच हवे होते, कारण खरे कळल्यावर जो नकार देईल, त्याचा होकार न कळता घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

सहीचे मोल किती, हे २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात दिसले. तिथे मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी) देण्याच्या प्रकल्पात अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. प्रकल्पातील काही मुलींचे मृत्यू झाले; त्यांचा लसीशी बहुधा संबंध नसावा, असे चौकशी समितीला आढळले. तरीही आईबापांना न विचारल्याचा दोष त्यामुळे पुसला जात नाही, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले.

वाचता न येणाऱ्या रुग्णाची संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार लागतो. एका प्रस्तावात साक्षीदार म्हणून त्याच वॉर्डातील परिचारिका दाखवल्या होत्या. तो आम्ही परत पाठवला. जे डॉक्टर आपल्यावर उपचार करतात, त्यांनीच विचारल्यावर 'नाही' म्हणणे गरीब माणसाला किती जड जाते, हे मी वॉर्डात पाहिले आहे. संमतीपत्रावर अंगठा उठवून बसलेल्या एका बाईंना मी विचारले, "मावशी, मध्येच सोडावेसे वाटले तर?" त्या हळूच म्हणाल्या, "मग इथलं औषधपाणी बंदच होणार की." तसे होणार नाही, हे पत्रकाच्या तिसऱ्या पानावर छापलेले होते. आता ते वाक्य आम्ही पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत मागतो, आणि ते वाचून दाखवल्यावर रुग्णाकडून त्याच्या शब्दांत पुन्हा सांगून घ्यायला लावतो.