बोलता बोलता

बुद्धांच्या अष्टांगिक मार्गातल्या सम्यक वाचेत, म्हणजे योग्य बोलण्यात, चार गोष्टी टाळायच्या असतात: खोटं, चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड. खोट्याबद्दल कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कठोर शब्दाचं फळ तिथल्या तिथे मिळतं, कारण समोरचा उलटून बोलतो. चहाडीचं तसं नाही. ज्याच्याविषयी बोलायचं तो हजर नसतो, आणि जे हजर असतात ते खुर्ची पुढे ओढून बसतात. सुरुवातही किती सभ्य! "तसा माणूस चांगला आहे हो, पण..." त्या 'पण'पाशी आवाज खाली येतो, मान किंचित पुढे जाते. आपण कुणाची उणीदुणी काढतोय असं वाटतच नाही. काळजीपोटी सांगतोय, असंच वाटतं.

मज्झिम निकाय या पाली ग्रंथात बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, केलेला एक उपदेश आहे. राहुल तेव्हा लहान. परंपरेनुसार सात वर्षांचा. आरसा कशासाठी असतो, असं बुद्ध त्याला विचारतात. पाहण्यासाठी, राहुल म्हणतो. मग काही करण्याआधी पाहा, करताना पाहा, केल्यावरही पाहा. त्यातून स्वतःला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय असं दिसलं, तर ते सोडून दे. बोलण्यालाही हाच नियम.

यातलं 'आधी' माझ्या फारसं कामाचं नाही. विचार जागा होईतो जीभ निघून गेलेली असते. 'नंतर'ची मात्र आपल्याला भारी हौस. रात्री कूस बदलत स्वतःला दूषणं द्यायची आणि त्यालाच आत्मपरीक्षण म्हणायचं. बुद्धांचा हिशेब रोखठोक आहे: बोलण्यात चूक झाली तर गुरूपाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी कबूल करायची आणि पुढे सावध राहायचं. खंत उगाळत बसण्याला, म्हणजे कुक्कुच्चाला, तर पाच नीवरणांत, म्हणजे मनाच्या अडथळ्यांत, जागा दिली आहे. द्वेष आणि आळसाच्या पंगतीला!

उरतं ते 'करताना'. म्हणजे 'पण' निसटल्यावरसुद्धा थांबायला वाव आहे. अर्धं वाक्य गेलं तर गेलं, उरलेलं अर्धं गिळता येतं. शिकवणुकीतली ही सवलत मला सगळ्यात आवडते.

पंचाईत होते ती ऐकणाऱ्यांची. "पण काय? अरे, सांग ना पुढे!" अशा वेळी घाईघाईने पाऊसपाण्यावर घसरावं, तर ती वायफळ बडबड. दुसऱ्या दोषातून सुटलो ते थेट चौथ्यात. माझं मत विचाराल, तर खुशाल पडावं.