साखर तीच, मालक वेगळा

इनोव्हेशन म्हटलं की आपल्याकडे लगेच नवीन वस्तूच डोळ्यासमोर येते, नवा फोन नाहीतर नवं अ‍ॅप. पण अर्थशास्त्रज्ञ शुम्पीटरने 1911 सालीच पाच प्रकार वेगळे काढून दाखवले होते. नवी वस्तू, ती बनवायची नवी पद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाची नवी सोय आणि धंद्याची नवी घडण. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात दुर्लक्षित, आणि माझ्या मते महाराष्ट्राला सगळ्यात जास्त देऊन गेलेला.

प्रवरानगरचंच बघा ना. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, 1950-51 च्या हंगामात पहिलं गाळप झालं. साखर काही नवी नव्हती, आणि खाजगी कारखाने तर नगर जिल्ह्यात आधीपासून होतेच. नवं काय होतं, तर ऊस लावणारा शेतकरीच शेअर घेऊन कारखान्याचा मालक झाला, शेअर कितीही असोत मत एकच, आणि आपला ऊस कुणी गाळायला नेईल का म्हणून दुसऱ्याच्या दारात जायची वेळ सभासदावर येऊ नये ही त्यामागची कल्पना. पुढे राजकारण शिरलं, बरेच कारखाने कर्जात बुडाले, ते खरंच आहे, पण म्हणून त्या कल्पनेचं मोल कमी होत नाही.

आता त्याच फडात ऊसतोडणीचं हार्वेस्टर आलंय. ही पद्धतीतली सुधारणा. साखर तीच, खर्च कमी, आणि माणसंही कमी. बीडकडून दरवर्षी जे ‘कोयते’ येतात, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पहाटेपासून तोडून मोळ्या बांधून गाडी भरणारी, त्यांचं काय? काम जीव काढणारं आहे, विशेषतः बायकांचा, ते मशीनने केलं तर चांगलंच, पण मजुरीही त्याच्याबरोबर जाते.

म्हणूनच प्रकार वेगळे ओळखायला हवेत असं मला मनापासून वाटतं. नव्या वस्तूतून बहुतेक वेळा नवं काम निघतं, नव्या पद्धतीत हात वाचतात, आणि फायदा कुणाच्या खिशात जाणार ते घडणीवर ठरतं. हार्वेस्टरला सरकारी अनुदान मिळतं, मग तोडणी कामगारांची सोसायटी करून तिच्याच मालकीची मशिनं का नाही? शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करता आलं, तेही पंचाहत्तर वर्षांपूर्वी, तर कोयत्याला हार्वेस्टरचा मालक करायला काय हरकत आहे?