शेपूट केल्पमध्ये होतं

दादाकडे न्यूझीलंडला जाऊन आले म्हटलं की लोक आधी क्वीन्सटाउन विचारतात, मग रोटोरुआ. दोन्हीकडे गेले नाही. दादाला सुट्टी मिळाली की तो अख्खं घर गाडीत कोंबतो आणि नॉर्थलंडचा किनारा गाठतो. कशाला, तर श्वास रोखून पाण्याखाली जायला आणि भाल्याने मासे मारायला. यंदा त्या कोंबाकोंबीत मीही. ऑकलंड ते टुटुकाका रस्ता फार सुंदर आहे म्हणे. मी झोपले होते.

सुरुवातच वेटसूटपासून, म्हणजे पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायच्या रबरी पोशाखापासून झाली. या लोकांचे वेटसूट आतून अस्तराशिवाय असतात. उघडं रबर कातडीला चिकटतं म्हणून ऊब टिकते, आणि म्हणूनच ते कोरडे अंगात जात नाहीत. दादाने पाण्यात कंडिशनर कालवून बाटली भरून ठेवली होती. ती मानेतून आत ओतायची आणि घसरत घसरत शिरायचं. वहिनीचा जुना सूट मला इतका घट्ट होता की चढवून झाल्यावर मला परत झोपावंसं वाटलं. जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, इथलं पाणी विशीच्या आसपास असतं. दादाच्या मते ते कोमट. असेल.

मला मासे मारायचे नव्हतेच, नुसतं पाण्यात डोकावायचं होतं. पण इथे नुसतं डोकावणाऱ्यालाही काम लागतं. एक खाली, एक वर, हा त्यांचा पक्का नियम. का, ते दादाने रात्री जेवताना सांगितलं, आणि त्यानंतर माझं जेवणात लक्ष लागलं नाही. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपत आला म्हणून नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊन तोच कमी केला तर शरीर इशाराच देत नाही. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो, त्यामुळे उरलासुरला ऑक्सिजनही तिथे पुरतो. वर येताना दाब निम्म्यावर येतो आणि शेवटच्या काही मीटरांत माणूस दिवा मालवल्यासारखा बेशुद्ध होतो. कधी कधी तर वर येऊन, एक श्वास घेतल्यावरसुद्धा. म्हणून वरच्याने खालच्यावरून नजर हलवायची नाही, आणि तो वर आला तरी अर्धा मिनिट बघत राहायचं. जितका वेळ खाली, त्याच्या दुप्पट तरी वर विश्रांती घ्यायची.

एवढं सांगून झाल्यावर, भाताचा घास घेता घेता, दादा म्हणाला, "पोरीकडे तू बघ."

पोर म्हणजे माझी चौदा वर्षांची भाची. तिच्याकडे भाला सोडणारी बंदूक नाही, पोल स्पिअर आहे. लांब काठी, पुढे टोक, मागे रबराचा वेढा. तो अंगठ्यात अडकवून ताणायचा आणि सोडायचा. काठीवर तिने काळ्या टेपच्या दोन पट्ट्या मारल्यात, टोकापासून तीस सेंटीमीटरवर एक आणि पस्तीसवर एक. तीस स्नॅपरसाठी, पस्तीस बटरफिशसाठी. त्याहून लहान मासा घ्यायचा नाही. समुद्रात हौशी मासेमारीला इथे परवाना लागत नाही, पण माप आणि माणशी संख्या ठरलेली. या किनाऱ्यावर स्नॅपर दिवसाला सात. आणि आपण मारलेला मासा विकायचा नाही, एकही.

बोट दादाच्या शेजाऱ्याची. शेजारी माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, साठीच्या पुढचा, कमी बोलणारा. त्याने मारलेला पहिला मासा, चांगला हातभर काहवाई, तसाच पाण्याला परत दिला. पहिला टांगारोआचा, समुद्राच्या देवाचा. त्यानंतरचे मात्र तो कमरेला न लावता लांब दोरीवर तरंगणाऱ्या फ्लोटला अडकवत होता. मी विचारलं, कमरेला का नाही? "शार्कला फ्लोटकडे जाऊ दे," म्हणाला. यावर हसायचं की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

फ्लोटवर निळा-पांढरा झेंडा असतो. तो दिसला की दोनशे मीटरच्या आत बोटीने पाच नॉटच्या वर जायचं नाही, असा इथला कायदा. आमच्या झेंड्याजवळून एक गृहस्थ मोठ्याने गाणी लावून असे सुसाट गेले की मी मास्कमध्येच त्यांना शिव्या घातल्या. स्नॉर्केल तोंडात असताना शिव्या फार समाधान देत नाहीत.

मग दादाने स्नॅपर मारला. खालून वर येताना चेहऱ्यावर असा काही आनंद, की वहिनीने बोटीतूनच टाळ्या वाजवल्या. पट्टीवर ठेवला, तर अठ्ठावीस. मास्कमधून पाण्यात सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं. हे त्याला माहीत आहे, त्यानेच मला सांगितलं होतं. आता नियम असा, की मापाहून लहान मासा मेलेला असला तरी परत समुद्रातच टाकायचा. गळाला लागलेला निदान जिवंत सोडता येतो. भाला आरपार गेला की सोडण्यासारखं काही उरत नाही. मासा पांढरं पोट वर करून तरंगत गेला, सीगलनी तो ओढत नेला, आणि दादा बराच वेळ चाकूला धार लावत बसला. धार चांगली होती.

त्यानंतर भाची उतरली, आणि मी वर, पोटावर पडून, तोंड पाण्यात.

खाली केल्पचं, म्हणजे मोठाल्या समुद्री शेवाळाचं रान होतं. खडकाला घट्ट धरलेले देठ आणि वर तपकिरी पानांचा पसारा, लाट आली की सगळं एका बाजूला झुकायचं, गेली की दुसऱ्या. त्यात एक बटरफिश. हा मासा शेवाळ-पाला खाणारा, गळाच्या आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून तो जाळ्यात नाहीतर भाल्यावरच यायचा. त्यात इकडे उत्तरेला तो कमी. दक्षिणेकडे जास्त, असं शेजारी म्हणाला होता. भाची खडकाला समांतर, जवळजवळ आडवी झाली. फिन्स बंद. डावा हात खडकावर, उजव्यात ताणलेलं रबर. मासा पानांतून आत-बाहेर करत होता, तिच्यापासून हातभरावर. तिने काठी अगदी सावकाश त्याच्या बाजूला नेली आणि धरून ठेवली. मासा आणि पट्ट्या दोन्ही तितकेच मोठे दिसणार, म्हणजे ताडून बघता येतं. डोकं दिसत होतं, पाठीची रेघ दिसत होती. लाट झुकायची, पानं सरकायची, परत झाकायची.

मी आकडे मोजत होते आणि तिचा अंगठा बघत होते. मार ना, असं मनात. मग, नको, वर ये आता. हे दोन्ही आळीपाळीने, आणि इतक्या जोरात, की माझाच श्वास अडकला. खालच्या माणसासाठी वरच्याने श्वास रोखणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, पण तो होतो. तिचं रबर हळूच सैल झालं. न सोडता, अंगठ्यानेच सैल केलेलं. ती वर आली, तोंडातून स्नॉर्केल काढलं, आणि मी नेमाप्रमाणे अर्धा मिनिट तिच्या ओठांकडे बघत राहिले. लाल होते. निळे नव्हते.

"काय झालं?" दादा बोटीतून ओरडला.

"शेपूट केल्पमध्ये होतं. दिसलं नाही."

"अगं, तेवढा तर असेलच!" मग माझ्याकडे वळून, "केवढा होता?"

मी म्हटलं, मला नाही सांगता येत. खरं तर मला तो प्रचंड वाटला होता, पण मी मास्कमधून बघत होते. शेजाऱ्याने काही न बोलता तिला हात देऊन वर ओढलं आणि आपल्या थर्मासमधला चहा दिला. तो थर्मास त्याने दिवसभर कोणाच्या हाती लागू दिला नव्हता. दादा मात्र दुपारभर धुसफुसत होता. बटरफिश किती चविष्ट, त्याचे काटे कसे हिरवट निघतात, आणि सोडून दिलेला बटरफिश परत भेटत नसतो. वहिनीने त्याला अठ्ठावीस एवढाच शब्द ऐकवला.

रात्री शेजाऱ्याचे मासे खाल्ले. वेटसूट धुवायचं काम अर्थातच पाहुणीकडे आलं. बाकीच्या दिवसांत वारा सुटला आणि आम्ही पत्ते खेळलो.

परतताना ली गावाजवळच्या गोट आयलंडला थांबलो. देशातलं पहिलं सागरी अभयारण्य, 1975 सालचं. तिथे मासा मारायचा तर नाहीच, शंखसुद्धा उचलायचा नाही. पार्किंगला रांग, किनाऱ्यावर शाळेच्या सहली, पाण्यात माणसांवर माणसं. मला गर्दीचा राग येतो, इथेही आला. पण गुडघाभर पाण्यात उतरलं की पायांशी स्नॅपर, निर्धास्त. ज्यांना टुटुकाकाच्या खडकांत शोधत फिरलो ते इथे पोरांच्या घोट्यांना घासून जात होते. दादा मास्क लावून पालथा पडला तो अर्ध्या तासाने उठला, दोन्ही हात फाकवून.

"साठचा होता! साठ तरी असेलच!"

"पाऊण पट कर, बाबा," भाची म्हणाली, आणि टॉवेल शोधायला गेली.