आत्या, नखं आणि टॉवेलचा रॉड

"मला काय धाड भरलीये!" आत्याला कुठलीही मदत सुचवली की हे ठरलेलं उत्तर. वय 81, एकटी राहते, गुडघे बोंबलतायत, पण काठी नको, कामाला बाई नको, रोज फोन करून चौकशी केलेली तर त्याहून नको.

मग मी आगाऊपणा केला. तिला न विचारता एक मावशी ठरवल्या आणि सकाळी सकाळी थेट घेऊनच गेले. आत्याने त्यांना खुर्चीत बसवलं, पंखा लावून दिला, स्वतः केर काढला, स्वतः भांडी घासली आणि तासाभराने 'या आता' म्हणून दारापर्यंत सोडायला आली. मावशी बिचाऱ्या माझ्याकडे बघतायत, मी फरशीकडे. पुढे आठवडाभर माझ्याशी अबोला.

नंतर एकदा हात धुवायला तिच्या बाथरूममध्ये गेले तर टॉवेलचा रॉड एका बाजूने लोंबत होता, स्क्रूभोवतीच्या गिलाव्याचा भुगा खाली पडलेला. टॉवेलने असं होत नाही हो, बाईसाहेब रोज त्याला धरून उठत होत्या! माणसाचं वजन पेलायला तो रॉड बनवलेलाच नसतो, कधी हातात आला असता कोण जाणे. 'बघ, सांगत होते ना' अगदी जिभेवर आलं होतं पण गिळलं, आणि उगाच विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो गं तुला?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पायाच्या नखांचा. वाकताच येत नाही."

मी दोन वर्षं पडण्याची भीती घालत होते आणि हिचं अडलं होतं नखांपाशी. कोमट पाण्यात पाय बुडवून बसवलं, नखं मऊ झाल्यावर कापली. वाढलेली नखं चपलेत टोचली की माणूस पाऊल नीट टाकत नाही, म्हणजे माझाही मुद्दा तिथेच होता म्हणा, फक्त तिच्या बाजूने कधी बघितलाच नव्हता. (डायबिटीस असेल तर हा उद्योग घरी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साधी जखमही चिघळते.)

दुसऱ्यांदा नखं कापताना मी म्हटलं, मला दर वेळी यायला जमेलच असं नाही, त्या मावशींना सांगू का? यावेळी मुलाखत आत्याने घेतली. वेळ तिने ठरवली, कुठल्या कपाटाला हात लावायचा नाही तेही तिनेच सांगितलं. आता त्या आठवड्यातून तीनदा येतात आणि पाच मिनिटं उशीर झाला तर मला फोन येतो, "तुझी माणसं वेळेवर येत नाहीत."

बाथरूममध्ये धरून उठायला पक्का दांडा बसवायचा ठरला, त्याचंही तसंच. मिस्त्री अंदाजाने भोक पाडायला निघाला होता, आत्या म्हणाली थांब, स्टुलावर बसली, उठताना हात जिथे जातो तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. दांडा तिथेच बसला, आणि तो दांडा ती वापरते.

आता सगळंच असं गोडीगुलाबीने होतं असं नाही. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक भलतंच बोलायला लागलं, माणसं ओळखेना, तर समजूत काढत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. लघवीच्या इन्फेक्शननेसुद्धा असं होतं आणि सगळे वय झालं म्हणून सोडून देतात. गॅस चालू राहायला लागला तरी मी 'तिला वाटेल तेव्हा' म्हणत थांबणार नाही. भांडण होईल, होऊ दे.

काठीवर मात्र अजून हरलेय. आतोबांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या काठीची उंची तिला जास्त होत होती, ती कापून घेतली. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगटाची रेघ येते तिथे मूठ हवी, आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे सगळं नीट समजावलं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. परवा गेले तर त्या काठीने ती माळ्यावरची पिशवी ओढत होती, स्टुलावर चढून.