मे महिन्यातलं पान आणि जुलैमधलं पान

स्केचबुक आणि डायरी वेगवेगळी ठेवायची की एकच, हे मला नेहमी विचारतात, तर माझं उत्तर, एकच वही. डावीकडे चित्र उजवीकडे मजकूर असली शिस्तही नाही, जिथे जागा सापडेल तिथे खरडायचं. दोन वह्या केल्या की लिहायची वही घरीच राहते आणि "रात्री लिहीन" म्हटलेलं कधीच लिहून होत नाही.

चित्राचं मुख्य काम, ते तुम्हाला एका जागी बसवतं. नागपूरच्या झिरो माइलवरून, म्हणजे गावांची अंतरं कोरलेल्या जुन्या दगडी खुणेवरून, मी शाळेत असल्यापासून जातेय, मला विचारलं असतं तर चार घोडे आणि एक खांब एवढंच सांगितलं असतं. काढायला बसले तेव्हा कळलं की तिथे दगडावर जी गावं कोरलीत त्यात दिल्ली-मुंबई नाहीतच, चांदा, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, जबलपूर, हैदराबाद अशी नावं आहेत आणि पुढे मैल. फोनमध्ये त्याचे ढीगभर फोटो पडलेत, त्यातही ती अक्षरं आहेतच की, पण हाताने काढावी लागली तेव्हा वाचली.

आता आपल्या नागपूरचं हवामान. पुण्या-मुंबईची मंडळी वॉटरकलरच्या टिप्स देतात न, त्या इथे मे महिन्यात चालत नाहीत. पारा 45 ला टेकलेला, फुटाळा तलावावर संध्याकाळचं आकाश काढायला घेतलं की निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, खाली येईपर्यंत वरचा सुकून मोकळा, आणि मधोमध कडक रेघ. मग मी आधी पान साध्या पाण्याने ओलं करते, रंग पातळ ठेवते आणि मोठं आकाश काढायचा हट्टच सोडते, तुकड्या-तुकड्यात काढते. कागद जाड, 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपास तरी हवा, पातळ कागद ओला झाला की पापडासारखा फुगतो.

जुलैमध्ये सगळं उलटं. पान सुकतच नाही, वरून सुकल्यासारखं दिसतं, त्यावर दुसरा रंग लावला की पाणी आधीच्या रंगात घुसतं आणि वेड्यावाकड्या कडांचे डाग उमटतात, त्यात वही मिटली की समोरचं पान चिकटलंच समजा. म्हणून पावसाळ्यात नुसता पेन. जेल पेन बरेचदा पाणी लागलं की पसरतो, साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते, ती तितकी पसरत नाही, त्यामुळे महागड्या पेनांच्या मागे लागू नका बाप्पा. एक फायदा आहे, तारीख टाकायची राहिली तरी रंग कसा सुकलाय त्यावरून महिना ओळखता येतो.

लिहिण्याचं काम वेगळं. कस्तुरचंद पार्कजवळ एका ठेल्यावर सकाळी तर्री पोह्यांचं चित्र काढत होते, पोह्याचा ढीग जमला, गंजातल्या तर्रीवरचा लाल तवंगही बऱ्यापैकी जमला, पण ठेलेवाले काका वाकून वाकून बघून राहिले होते आणि शेवटी म्हणाले, "ताई, गर्दी जास्त काढा न, एवढे कमी गिऱ्हाईक नसते आपल्याकडे." हे चित्रात कसं येणार? लगेच बाजूला लिहून टाकलं, प्लेटचा भावही लिहिला. भाव लिहाच लिहा. जुन्या वह्या चाळताना घरचे सगळे आधी भावच वाचतात, चित्राकडे कोणी बघत नाही.

प्रवासातली पानं माझी बहुतेक बकवासच असतात, खरं सांगायचं तर. सोबतच्यांना पुढे जायचं असतं आणि आपण मंदिराच्या कमानीत अडकलेलो. रामटेकला गेलो की मी आता अख्खा गड काढायच्या फंदात पडत नाही, एखादा दगडी खांब, पायऱ्यांवर पिशव्यांवर टपलेली माकडं (चित्र काढताना सामान मांडीवर ठेवा), बस्स. बाकी लिहून. त्यापेक्षा घरचा कूलर, इतवारीतली दुकानं, सीताबर्डी स्टेशनवर मेट्रो बदलणारी माणसं ही पानं कितीतरी चांगली होतात, कारण तिथे परत जाता येतं.

आणि मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती मिरवणूक 1880 च्या दशकापासून निघते म्हणतात, काळी मारबत, पिवळी मारबत असे मोठाले पुतळे, मागे बडगे, म्हणजे टिंगल करणारे पुतळे. त्या गर्दीत स्केच होतच नाही, वही उघडायलाच जागा नसते, म्हणून त्या दिवशीची पानं म्हणजे सगळा मजकूर, बडग्यांवर कोणाकोणाची खिल्ली उडवली, आणि "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ही आरोळी. चित्रासाठी आधीच जायला पाहिजे, मिरवणुकीच्या अगोदर मूर्ती दर्शनाला ठेवतात तेव्हा. यंदा पिवळीसाठी जागनाथ बुधवारी भागात जाणार आहे, सकाळी सकाळी, बॉलपेन घेऊन. कोणाला यायचं असेल तर सांगा, घडीची खुर्ची आपापली आणा.