राजगड उतरले आणि फोन म्हणाला ‘सिम नाही’

गेल्या रविवारी गुंजवण्याहून चोर दरवाज्याने राजगड केला. गडाबद्दल लिहीत नाही. पद्मावती माचीवर धुकं होतं, पिठलं-भाकरी गरम मिळाली, झालं. लिहायचंय ते खाली आल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल. त्यांनी मला चढाईपेक्षा जास्त दमवलं.

चोर दरवाज्याखालचा रेलिंगचा कातळ आम्ही धो धो पावसात उतरलो. फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात होता, कारण खोक्यावर ‘आयपी 68’, म्हणजे पाण्याला दाद न देणारा, असं लिहिलेलं. ती चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ पाण्यात होते. तीन वर्षं वापरलेल्या आणि सिमचा ट्रे अनेकदा काढलेल्या फोनवर तो भरवसा ठेवू नका. झिपची प्लास्टिक पिशवी न्या, आणि फोन भिजलाच तर आधी बंद करा. मी चालूच ठेवला, ती चूक झाली.

गुंजवण्यात पोचून बघते तर ‘सिम कार्ड नाही’. वर रेंज नव्हतीच, त्यामुळे तोपर्यंत कळलं नव्हतं. फ्लाइट मोड लावून काढला, फोन बंद करून चालू केला, काही नाही. त्यात यूपीआयचं ॲप सिम शोधत बसलं आणि पुढे सरकेना. खिशात रोख दोनशे चाळीस. जीपचे पैसे मैत्रिणीने भरले. पाचशेच्या दोन नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवल्याशिवाय या भागात जाऊच नका.

सोमवारी सकाळी पुण्यात मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत बुधवार पेठेत, मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात गेले. पाय इतके दुखत होते की समोर आलं त्या स्टुलावर बसले. इथेच फसले. त्या माणसाने ट्रे बाहेर काढून पाहिलासुद्धा नाही. फोन गरम पट्टीवर ठेवला, पातळ पत्ती घालून मागची काच उचलली आणि म्हणाला, “ताई, नेटवर्कचा आयसी, म्हणजे चिप, गेलाय. बोर्ड काढावा लागेल. अडीच हजार.” मी नको म्हटलं. “मग उघडायचे चारशे द्या.” उघडण्याआधी पैशांचं काहीच बोलणं झालं नव्हतं. चारशे दिले. काच परत बसवली, पण कडेचा मूळचा गोंद गेला तो गेलाच. आता हा फोन पावसात बाहेर काढायची सोय राहिली नाही.

जे सकाळीच करायला हवं होतं ते संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी केलं. तिचं सिम माझ्या फोनमध्ये टाकलं, दहा सेकंदांत रेंज आली. माझं सिम तिच्या फोनमध्ये टाकलं, तिथेही ‘सिम नाही’. म्हणजे फोन ठणठणीत आणि कार्ड मेलेलं. दोन मिनिटांचं काम. हे केल्याशिवाय कुणाच्याही हातात फोन देऊ नका, दुकान कितीही ओळखीचं असू दे. दुसरं सिमही दिसलं नाही, तर *#06# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकच, आला नाही तर मात्र बोर्डाकडे बोट दाखवणाऱ्याचं ऐकून घ्या.

मग ते कार्ड दिव्याखाली धरलं. जुनं मायक्रो सिम, कधीतरी कटरने कापून नॅनो केलेलं. एका कडेला प्लास्टिकचे थर सुटले होते आणि सोनेरी पट्टीच्या कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा डाग होता. नॅनो सिमची जाडी 0.67 मिमी असते, जुन्या कार्डाची 0.76. कापलं तरी जाडी तेवढीच राहते, आणि ते आतल्या बारीक पिनांवर दाबून बसतं. तुमचंही कापलेलं असेल तर आजच बदलून घ्या, ट्रेकची वाट पाहू नका. ट्रे मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, कापडावर माती आली. पिनांना मात्र टाचणी लावू नका.

मंगळवारी सकाळी सिमच्या कंपनीच्या दुकानात आधार आणि अंगठा देऊन त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. दुपारी फोन लागायला लागले. पण काउंटरवर कुणी सांगत नाही ती गोष्ट अशी: सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळण्यासाठीचा नियम आहे, योग्यच आहे, पण त्या काळात बँकेचा ओटीपी येत नाही. माझा गृहकर्जाचा हप्ता त्याच दिवशी भरायचा होता. शेवटी शाखेत जाऊन रांगेत उभं राहून चेक दिला. तेव्हा सिम बदलायच्या आधी वाय-फायवर पैशांची कामं उरकता येतात का ते बघा. आणि चिडून कंपनीच बदलू म्हणाल तर 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही.

पहिला एसएमएस बुधवारी दुपारी आला. तोवर मांड्यांचं दुखणं थांबलं होतं.